गादी, दिवाणजी आणि मैदान

पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डात आडतीचा गाळा चालवणारे कुटुंब आणि फुटबॉलचा संघ पोसणारे घराणे यांच्यात वरवर पाहता काही नाते दिसत नसले, तरी कारभारावरून बापलेकांत जो मतभेद उभा राहतो त्याची भाषा दोन्हीकडे इतकी सारखी असते, की एकाचा उलगडा दुसऱ्याच्या आधाराने करता येतो. संघ कसा चालवावा हा प्रश्न ऐकायला खेळाचा वाटतो, पण बारकाईने पाहिले असता तो बहुतेक वेळा गादीचा, म्हणजे निर्णय कोणी घ्यायचा आणि तूट कोणी सोसायची याचाच प्रश्न असतो.

आडत म्हणजे शेतकऱ्याचा माल आपल्या गाळ्यावर उतरवून घेऊन तो खरेदीदाराला विकून देण्याबद्दल मिळणारा टक्केवारीचा मोबदला. फळे-भाजीपाल्यावरील ही आडत पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई आणि जुलै 2016 पासून ती खरेदीदाराकडून घेण्याची पद्धत राज्यात आली. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या हिशोबपट्टीवर नगांची संख्या, वजन आणि दर यांच्या खाली हमाली, तोलाई, गाडीभाडे अशा वजावटी एकाखाली एक मांडलेल्या असतात, आणि त्यांच्या शेवटी पुष्कळदा आणखी एक ओळ असते, ती उचलीची. उचल म्हणजे हंगामाआधी शेतकऱ्याला दिलेली आगाऊ रक्कम. कागदावर ती कर्जासारखी दिसत असली, तरी व्यवहारात तो शेतकरी पुढचा माल याच गाळ्यावर आणील या भरवशाचा तो दाम असतो. जुन्या पिढीच्या दृष्टीने उचल म्हणजे माणूस जोडून ठेवण्याचा खर्च, तर शिकून गादीवर आलेल्या नव्या पिढीच्या दृष्टीने तीच रक्कम बिनव्याजी अडकलेले भांडवल. दोघेही बरोबर असतात, म्हणूनच हा वाद सहसा मिटत नाही.

या दोघांच्या मधे गाळ्यावर आणखी एक माणूस बसलेला असतो, तो दिवाणजी. हिशोब लिहिणे हे त्याचे नावापुरते काम. खरे काम असे, की मालकाचा राग शेतकऱ्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचू द्यायचा नाही आणि शेतकऱ्याची तक्रार मालकापर्यंत पोहोचेपर्यंत तिच्यातील कडवटपणा थोडा उतरवायचा. जगभरच्या फुटबॉल संघांत ज्याला क्रीडा संचालक म्हणतात, म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री आणि प्रशिक्षकाची निवड पाहणारा, पण स्वतः संघाचा मालकही नसलेला आणि प्रशिक्षकही नसलेला अधिकारी, तो या दिवाणजीचाच दूरचा भाऊबंद होय. फुटबॉलमधील बापलेकांचे मतभेद समजून घ्यायचे, तर मालक किती श्रीमंत आहे याच्या आधी गादी आणि मैदान यांच्या मधे असा दिवाणजी आहे की नाही, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण माद्रिदच्या ॲटलेटिको या संघाचे आहे. 1987 मध्ये त्याचे अध्यक्ष झालेले हेसूस गिल हे बांधकाम व्यावसायिक प्रशिक्षक बदलण्यासाठी इतके प्रसिद्ध होते, की 2003 मध्ये पायउतार होईपर्यंत त्यांनी केलेल्या बदलांची संख्या चाळिसाच्या घरात सांगितली जाते. गादीवरचा माणूस सामना पाहतो, संतापतो आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक घरी जातो, असा तो कारभार होता. त्यातून 1995-96 च्या हंगामात लीग आणि चषक असे दुहेरी यशही मिळाले आणि अवघ्या चार वर्षांनी, 2000 मध्ये, खालच्या श्रेणीत घसरण्याची नामुष्कीही आली. त्यांचे पुत्र मिगेल आंखेल गिल मारिन कार्यकारी प्रमुख म्हणून कारभार पाहू लागल्यावर चित्र एकदम पालटले असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही, कारण वडिलांनंतरची सात-आठ वर्षे प्रशिक्षकांची ये-जा तशीच चालू राहिली. बदल झाला तो 2011 मध्ये, जेव्हा होसे लुईस कामिनेरो क्रीडा संचालक झाले आणि त्याच डिसेंबरात दिएगो सिमिओने प्रशिक्षक म्हणून आले. हे दोघेही 1996 च्या त्या दुहेरी यशातील खेळाडू, म्हणजे एका अर्थी बापाच्याच काळातील माणसे. वडिलांच्या राजवटीत एखादा हंगाम टिकणे मुश्कील असलेल्या त्या खुर्चीवर सिमिओने दहा वर्षांहून अधिक काळ राहिले आणि 2013-14 व 2020-21 अशा दोन लीग त्यांनी जिंकून दिल्या.

यावरून तरुण पिढी शहाणी आणि जुनी पिढी लहरी, असा निष्कर्ष कोणी काढील, तर त्याने मिलान शहराकडे पाहावे, कारण तेथे हीच गोष्ट उलट्या क्रमाने घडली. इंटर या संघाचे 1955 ते 1968 या काळातील अध्यक्ष आंजेलो मोरात्ती हे तेलशुद्धीकरणाच्या धंद्यातील उद्योगपती. त्यांनी एलेनिओ एरेरा या प्रशिक्षकाला 1960 पासून आठ वर्षे ठेवले, कारभारासाठी इतालो आलोदी यांच्यासारखा तयारीचा व्यवस्थापक मधे बसवला आणि 1964 व 1965 असे लागोपाठ दोन युरोपीय चषक मिळवले. त्यांचे पुत्र मास्सिमो यांनी 1995 मध्ये तोच संघ विकत घेतला, तेव्हा त्यांच्यापुढे वडिलांचा तो काळ परत आणण्याचे स्वप्न होते. प्रत्यक्षात मात्र 1998-99 च्या एकाच हंगामात चार प्रशिक्षक झाले. 2010 मध्ये जुझे मौरिन्यो यांच्या हाताखाली तिहेरी यश मिळाले खरे, परंतु तोवर दीड दशक आणि खिशातील अफाट पैसा खर्ची पडला होता. वारसा म्हणून बापाची हौस मुलाकडे आली, बापाचा धीर आला नाही. आणि धीर ही गोष्ट मृत्युपत्रात लिहिता येत नाही, हे मार्केट यार्डातल्या कोणत्याही जुन्या पेढीला ठाऊक असते.

या दोन उदाहरणांच्या मागे कायद्याचाही एक धागा आहे. स्पेनमध्ये 1990 च्या क्रीडा कायद्याने बहुतेक व्यावसायिक क्लबांना भागभांडवलाच्या क्रीडा कंपनीत रूपांतरित होणे भाग पडले आणि रेआल माद्रिद, बार्सेलोना, अथलेतिक बिल्बाओ व ओसासुना हे चारच क्लब सभासदांच्या मालकीचे राहिले. क्लब सभासदांचा असेल तर अध्यक्ष निवडून यावा लागतो, कंपनीचा असेल तर समभाग ज्याच्याकडे त्याची सत्ता, आणि समभाग म्हटले की वारस आलेच. बापलेकांचा वाद म्हणून जो ओळखला जातो, तो या दुसऱ्या प्रकारच्या संघातच खऱ्या अर्थाने संभवतो.

गोव्यात घराण्याच्या मालकीचे हे दुसरे रूप बराच काळ नांदले. खाणधंद्यातील धेंपो आणि साळगावकर या घराण्यांनी आपल्या नावाचे संघ पोसले, खेळाडूंना पगारी नोकऱ्या दिल्या आणि संघाचा खर्च हा घराण्याच्या नावाचा खर्च मानला. धेंपो क्लबने आर्मांदो कुलासो या एकाच प्रशिक्षकाच्या दीर्घ कारकिर्दीत 2004-05 ते 2011-12 दरम्यान राष्ट्रीय पातळीवरची पाच विजेतेपदे मिळवली. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, जिच्यात सुरुवातीची नऊ वर्षे संघाची जागा खेळून नव्हे तर शुल्क भरून मिळे आणि खालच्या लीगमधून वर येण्याची वाटच नव्हती. या लीगमधील एफसी गोवा या संघात श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर भागीदार झाले, तर त्याच घराण्यांचे जुने क्लब आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळत राहिले. दोन दगडांवर पाय ठेवण्याचा हा प्रकार फार काळ टिकणारा नव्हता. 2016 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या रचनेत आय-लीग दुय्यम ठरणार हे स्पष्ट झाल्यावर साळगावकर, स्पोर्टिंग क्लब दी गोवा आणि धेंपो या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली. वास्को किंवा पणजीतल्या जुन्या रसिकाला त्या वेळी जे दुःख झाले, त्याचा हिशोब कोणत्याही ताळेबंदात निघत नाही. पण खेळून वर जाण्याची वाट बंद असताना दरवर्षी तोटा का सोसायचा, हा प्रश्नही चुकीचा नव्हता. चर्चिल ब्रदर्समध्ये तर चर्चिल आलेमाव यांच्यानंतरचा कारभार कन्या वालांका यांनी हाती घेतला, तेव्हा बापलेक म्हणजे बाप आणि मुलगाच, हे गृहीतक तेवढ्यापुरते बाजूला ठेवावे लागते.

पुण्याचा अनुभव अधिक कोरडा आहे. 2007 मध्ये अशोक पिरामल समूहाने स्थापन केलेला पुणे एफसी हा संघ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात खेळे. 2009-10 मध्ये आय-लीगमधील आपल्या पहिल्याच हंगामात तो तिसरा आला, 2012-13 मध्ये उपविजेता झाला आणि 2015 मध्ये बंद पडला. त्याच वर्षी डीएसके समूहाच्या शिवाजियन्स संघाला उद्योगसमूहांसाठी राखलेल्या वाटेने आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. दोन हंगामांनंतर, 2017 मध्ये, तोही थांबला. 2014 पासून इंडियन सुपर लीगमध्ये खेळणाऱ्या एफसी पुणे सिटीने 2017-18 मध्ये उपांत्य फेरी गाठली, पण 2019 मध्ये त्याची जागा हैदराबादच्या संघाकडे गेली. चार वर्षांत तीन संघ गेले आणि तिन्हींचे कारण सामन्यांच्या निकालांत शोधून सापडत नाही. संघाची तूट एका घराच्या किंवा एका समूहाच्या गल्ल्यातून भरली जात होती आणि त्या घराची इच्छा किंवा ऐपत संपली, की शहराला विचारण्याचे कोणावर बंधन नव्हते. मार्केट यार्डात एक गाळा बंद झाला तरी शेतकरी शेजारच्या गाळ्यावर माल उतरवतो. बालेवाडीच्या प्रेक्षकाला शेजारचा गाळा नव्हता.

याउलट कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघ एकाही उद्योगसमूहाच्या मालकीचे नसताना पिढ्यान्‌पिढ्या टिकले. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. पेठेतील तरुणांनी तेथे जमायचे, व्यायाम करायचा, गणपती बसवायचा आणि पुढे फुटबॉलही खेळायचा, अशी ही वाढ झाली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली केएसए, ही तेथील स्पर्धांचे नियमन करते आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर मोठ्या सामन्याला जी गर्दी होते ती लीगमधील कित्येक व्यावसायिक संघांना हेवा वाटावा अशी असते. तेथेही बाप आणि मुलगा भांडतात, पण त्यांच्या भांडणाचा विषय निराळा. बापाने पेठेच्या इभ्रतीसाठी, क्वचित पदरमोड करून, संघ सांभाळलेला असतो. मुलाच्या मते चांगला गोलरक्षक बाहेरून आणला आणि त्याला हंगामाचे रीतसर मानधन दिले तर चषक येतो. आफ्रिकेतील खेळाडू पेठेच्या जर्सीत दिसू लागले तेव्हा हा मतभेद तालमींच्या कट्ट्यांवर उघडपणे रंगला. पेठेचा संघ पेठेच्या मुलांनी खेळावा की जिंकणाऱ्यांनी, हा प्रश्न उचल माणसासाठी की मालासाठी, या यार्डातील जुन्या प्रश्नाचेच दुसरे रूप आहे. बाहेरच्या खेळाडूंमुळे खर्च वाढतो, वर्गणीचा आणि पुरस्कर्त्यांचा भार वाढतो, आणि स्थानिक मुलगा राखीव बाकावर बसतो. पण त्याच खेळाडूंबरोबर सराव करून स्थानिक मुलाचा खेळ सुधारतो, हेही नाकारता येत नाही. या बाबतीत थोडे झुकते माप बापाला द्यावेसे वाटते, कारण राखीव बाकावरचा तो मुलगाच वीस वर्षांनी तालमीचा कारभारी होणार असतो आणि भाड्याने आलेला गोलरक्षक होणार नसतो.

तूट कोण सोसतो याचे उत्तर येथे अनेक हातांत विभागलेले असते: थोडी वर्गणी, थोडी स्थानिक नेत्यांची मदत, थोडी स्पर्धांची बक्षिसे. ही व्यवस्था स्वच्छ आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये; हिशोब ढिले असतात, राजकारण शिरते आणि पेठापेठांतील चुरस कधी मैदानाबाहेर हाणामारीवर येते. तिच्यात दिवाणजीचे काम कोणा एकाकडे नसून कार्यकारिणी, माजी खेळाडू आणि कट्ट्यावरचे टीकाकार ते आपसांत वाटून घेतात, त्यामुळे निर्णय उशिरा होतात आणि पुष्कळदा वाईटही होतात. परंतु एका माणसाच्या कंटाळ्याने संघ बंद होत नाही.

कायद्याच्या भाषेत हा फरक सहज दिसतो. कंपनीतील समभाग वारसाला मिळतात. मार्केट यार्डातील आडत्याचा परवाना 1963 च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली बाजार समिती देते आणि गाळा चालवणाऱ्या नव्या पिढीला समितीच्या दप्तरात आपले नाव लावून घ्यावे लागते. तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या मंडळात वारसा हा शब्दच लागू होत नाही. बापाच्या जागी मुलगा कार्यकारिणीवर आला, तर तो निवडून आलेला असावा लागतो, त्या बदलाचा अहवाल 1950 च्या कायद्याच्या कलम 22 नुसार नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो आणि त्याची चौकशी चालू असताना संघाशी हितसंबंध असलेल्या साध्या सभासदालाही तेथे जाऊन हरकत नोंदवता येते.