दिवेलागणीआधीचा तास

चाळीत, वाड्यात किंवा सोसायटीत वाढलेल्या कुणालाही लहानपणी खेळ किती वाजता संपायचा ते विचारा. घड्याळातला आकडा क्वचितच कुणी सांगेल. ‘दिवे लागले, घरात या’ अशी गॅलरीतून हाक आली की डाव मोडला. राज्य कुणावर आहे ते उद्या बघू! खेळाचं घड्याळ सूर्याकडे होतं. हे आता यंत्र लावून मोजूनही पाहिलं गेलं आहे.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९ देशांतल्या, ५ ते १६ वर्षं वयाच्या २३ हजारांहून अधिक मुलांच्या हालचालींच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. मुलांच्या कमरेला हालचाल टिपणारं छोटं यंत्र बांधलेलं होतं. त्यामुळे ‘आमचा बंड्या खूप खेळतो हो’ या आईबापांच्या साक्षीवर विसंबायची गरज नव्हती. ज्या दिवशी सूर्य रात्री ९ नंतर मावळला, त्या दिवशी मुलांची एकूण हालचाल संध्याकाळी ५ पूर्वी अंधारणाऱ्या दिवसांपेक्षा १५ ते २० टक्के जास्त भरली.

यावर कुणीही म्हणेल, त्यात काय मोठं? उन्हाळ्यात हवा छान, म्हणून मुलं बाहेर. श्रेय उजेडाचं की उबेचं, हे ठरवायचं कसं? इथे युरोपातली एक सरकारी पद्धत संशोधकांच्या कामी आली. तिथे वसंतात घड्याळं एक तास पुढे करतात. काल सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य आज सातच्या सुमारास मावळतो. हवा तीच, शाळा तीच, मुलंही तीच. संध्याकाळ तेवढी एका तासाने लांबते. या बदलाच्या आगेमागे ज्यांची मोजणी झाली होती, त्या मुलांची हालचाल वाढलेली दिसली. ही वाढ मुख्यतः दुपार कलल्यापासून संध्याकाळपर्यंतची होती, म्हणजे उजेड जिथे वाढला तिथलीच.

मात्र वाढीचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. संध्याकाळी एक तास उजेड वाढवला, तर दम लागेल अशा हालचालीत दिवसाला सरासरी दोनच मिनिटांची भर पडेल, असा संशोधकांचा अंदाज आहे. सगळ्या देशांत परिणाम सारखाही नव्हता. पण त्या मुलांची अशी हालचाल दिवसाला सरासरी ३३ मिनिटंच होती, आणि जागतिक आरोग्य संघटना ६० मिनिटं सांगते. शिवाय ही दोन मिनिटं देशातल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला, पैसा न खर्चता येतात.

आता आपल्याकडे पाहू. लंडनमध्ये डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वानऊनंतर. मुंबईत हा फरक जेमतेम ऐंशी मिनिटांचा: नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास, जुलैच्या सुरुवातीला सात-वीसला. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर बांधलेली असल्यामुळे मुंबईचा सूर्य घड्याळाच्या मानाने ३९ मिनिटं मागे चालतो. म्हणजे मुंबईकर मुलांना संध्याकाळचा वाढीव उजेड बारा महिने आपसूकच मिळतो. नागपूरला तो सुमारे अर्धा तास कमी. त्यात आपली तिन्हीसांज छोटी. सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत चेंडू दिसेनासा होतो.

मग इतका उजेड असून मैदानं ओस का? कारण त्या उजेडावर आधीच कुणीतरी हक्क सांगितलेला असतो. दुपारच्या शाळेतलं मूल साडेपाच-सहाला सुटतं, तेव्हा हिवाळ्यात दिवेलागण होतच आलेली असते. सकाळच्या शाळेतल्या मुलाला दुपार मोकळी असते. पण पाच ते सात क्लास. एप्रिल-मेच्या विदर्भात तर चारच्या उन्हात मूल बाहेर सोडायची सोयच नाही; तिथे खेळण्याजोगा उजेड सकाळी लवकरचा किंवा सूर्य कलल्यानंतरचा.

उजेडाचं काम केवळ पळायला लावण्यापुरतं नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या १२ शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांमधल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा मैदानावर नेलं गेलं. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना नव्याने लांबचं अंधुक दिसू लागलं होतं. उरलेल्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. वर्गात ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा त्याच्या कित्येक पट. प्रखर उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन हे रसायन पाझरतं आणि नेत्रगोल लांबट होणं मंदावतं, असं मानलं जातं. म्हणजे पारावर नुसतं बसून चिंचा खाणाऱ्या मुलाचाही फायदा होतोच.

उशिरा मावळणाऱ्या सूर्याची एक बाजू मात्र नडते. मुलं उशिरा झोपतात आणि शाळेची घंटा काही थांबत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, ते झोपेसाठीच. पण शाळा उशिरा भरली की सुटणारही उशिरा, आणि तो वेळ कापला जाणार संध्याकाळच्या उजेडातून. त्यामुळे मधली सुट्टी आणि पीटीचा तास यांचं मोल आणखी वाढतं. गणिताचा पोर्शन राहिला म्हणून पीटीचा तास घेऊन टाकणं हा आपल्या शाळांचा जुना रिवाज आहे. त्यात पळणं तर जातंच, उजेडही जातो.

पाढे ट्यूबलाइटखाली पाठ होतात, लगोरी होत नाही. क्लास सहाचा साडेसातला सरकवता येतो, सूर्यास्त सरकत नाही. घरातल्या कॅलेंडरवर सूर्यास्ताची वेळ बहुधा छापलेली असतेच. तिच्यातून मूल मोकळं होण्याची वेळ वजा करा. उत्तर शून्याखाली येत असेल, तर मुलाला ‘सारखा मोबाइल काय बघतोस’ म्हणून रागावण्याआधी वेळापत्रकाकडे पाहायला हवं.