प्राण्यांची हेळसांड व अतिसंग्रह : कायदे

ताब्यातील प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे म्हणजे हेळसांड व निगा राखण्याच्या कुवतीपलीकडे प्राणी जमवून ते दाटीवाटीने ठेवणे म्हणजे अतिसंग्रह होय. अतिसंग्रहामागे बहुधा क्रौर्याचा हेतू नसतो. दयाबुद्धीने आणलेल्या प्राण्यांचीच त्यात उपासमार होते व त्यांच्यात रोग फैलावतात.

भारतात १८९० च्या कायद्याची जागा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० याने घेतली. त्याच्या तिसऱ्या कलमान्वये प्राण्याचे हित जपणे हे तो सांभाळणाऱ्याचे कर्तव्य ठरते. उपाशी ठेवणे, अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे, अकारण दीर्घकाळ बांधून ठेवणे व सोडून देणे हे अकराव्या कलमाखाली अपराध आहेत. अतिसंग्रहाची स्वतंत्र व्याख्या या अधिनियमात नाही. त्यामुळे तो याच तरतुदींखाली येतो. पहिल्या अपराधास १० ते ५० रु. दंड ठरविण्यात आला. पैशाचे मूल्य घसरल्याने तो नाममात्र झाला. म्हणून दंडापेक्षा प्राण्याचा ताबा काढून घेण्याची तरतूद अधिक परिणामकारक ठरते. पुन्हा छळ होण्याचा संभव दिसल्यास दोषी मालकाचा प्राणी सरकारजमा करता येतो, तसेच त्यास प्राणी बाळगण्याची मनाईही करता येते (कलम २९).

नाशिक शहरात यांशिवाय स्थानिक स्वरूपाचे निर्बंधही आहेत. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक महानगरपालिकेस लागू असलेला १९४९ चा अधिनियम उपद्रवकारक रीतीने जनावरे बाळगण्यास प्रतिबंध करतो. राज्याच्या १९७६ च्या अधिनियमाने अधिसूचित नागरी क्षेत्रांत गुरे पाळण्यास परवाना आवश्यक केला. या दोहोंचा मुख्य रोख सार्वजनिक आरोग्यावर आहे, प्राण्याच्या क्लेशावर नाही.

ताब्यात घेतलेल्या प्राण्यांस ठेवावयाचे कोठे, हा खरा प्रश्न होय. दंडाधिकारी त्यांस रुग्णालयात किंवा पांजरपोळात पाठवू शकतो. तेथील खर्च जिल्हादंडाधिकाऱ्याने ठरविलेल्या दराने मालकाने द्यावयाचा असतो. मालक गरीब असल्यास तो माफही होतो (कलम ३५). नाशिक पंचवटी पांजरपोळ (स्था. १८७८) ही या प्रकारची जुनी संस्था होय. मात्र पांजरपोळांची परंपरा मुख्यतः गुराढोरांची आहे. एका घरातून अनेक कुत्री वा मांजरे सोडविल्यास त्यांचे विलगीकरण, लसीकरण व निर्बीजीकरण करणारी वेगळी व्यवस्था लागते. ती नसल्यास न्यायालयाचा आदेश कागदावरच राहतो किंवा प्राणी एका गर्दीतून दुसऱ्या गर्दीत जातात.