कोरड्या मे महिन्यात नळीत पाणी कसे?

मे महिन्यात सोलापुरात दोरीवर टाकलेला ओला टॉवेल पाहता पाहता खडखडीत वाळतो. मग त्याच दिवसांत टॉवेल विणणाऱ्या कारखान्यातील हवेच्या नळीतून पाणी का गळावे?

एअरजेट मागाला धोटा नसतो. बाण्याचा धागा दाबाखालच्या हवेच्या झोताने पलीकडे फेकला जातो. या हवेत पाणी असले तर झोताची तोंडे गंजतात, कापडावर डाग पडतात. म्हणून कॉम्प्रेसरच्या पुढे ड्रायर बसवतात. त्यात फ्रिजप्रमाणेच शीतक वायू फिरतो. हवा सुमारे ३ अंश सें. पर्यंत थंड झाली की बाष्पाचे पाणी होते व ते निचऱ्याच्या झडपेतून बाहेर जाते. (याहून फार थंड केले तर बर्फ होऊन वाटच बुजेल.)

आता फळ्यावर थोडे गणित मांडू. एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त किती बाष्प मावते? ३ अंशांना ६ ग्रॅम, ३० ला ३०, ३८ ला ४६ आणि ५० ला ८३ ग्रॅम. दाब वाढवला तरी हा आकडा जवळजवळ तोच राहतो. साधारण ८ घनमीटर हवा दाबून १ घनमीटर केली, असे धरू.

जुलैत २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर ८ घनमीटरमध्ये सुमारे १७५ ग्रॅम बाष्प असते. दाबलेली हवा ड्रायरपूर्वी ३८ अंशांपर्यंत निवते. तेथेच सव्वाशेच्या आसपास ग्रॅम पाणी गळते. ड्रायरच्या वाट्याला ४६ ग्रॅम. मे महिन्यात ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर बाष्प केवळ ९० ग्रॅम. परंतु हवा निवते ती ५० अंशांपर्यंतच. जवळजवळ सगळे बाष्प, म्हणजे सुमारे ८३ ग्रॅम, ड्रायरमध्ये शिरते. कोरड्या ऋतूत ड्रायरवर जवळपास दुप्पट बोजा!

शिवाय त्याला आपली उष्णता टाकायची आहे ती ४२ अंशांच्या हवेत. त्यात कापसाचे तूस कंडेन्सरच्या पत्र्यांत अडकलेले. शीतकाचा दाब चढतो आणि सुरक्षेचे बटण यंत्र बंद करते. हवा मात्र तशीच पुढे जाते, आणि ३० अंशांच्या मागखात्यात पोचली की घनमीटरमागे ५० ग्रॅमहून अधिक पाणी सोडते.

पुष्कळदा पहिला विचार येतो तो ‘गॅस भरा’ हा. पण शीतक बंद नळ्यांत फिरतो. गळती नसेल तर तो संपत नाही. सांध्याशी तेलाचा ओशट डाग दिसला, तरच त्याचा संशय घ्यावा. आधी निचऱ्याची झडप हाताने उघडावी. भसकन बरेच पाणी आले, तर ती तुंबली होती. गाळलेले पाणी हवेबरोबर पुन्हा पुढे जात होते. मग कंडेन्सर झाडावा, ड्रायरमध्ये शिरणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. ड्रायरला वळसा घालणाऱ्या नळीची चावी कोणी उघडी तर ठेवली नाही ना, हेही पाहावे.

पाण्याऐवजी हवेचा दाबच घटत गेला तर आत बर्फ धरला असण्याचा संभव असतो. शीतयंत्र काही तास बंद ठेवून दाब पूर्ववत झाला, तर बर्फच होता. अशा वेळी शीतक नियंत्रित करणारी झडप तपासावी लागते.