स्पर्धकांच्या ऑनलाइन जाहिराती आणि लहान मध उत्पादक

बिहारमधील मुझफ्फरपूर परिसरात लिचीच्या बागा फुलल्या की दूरदूरहून मधमाशीपालक आपल्या पेट्या तेथे आणतात. यांपैकी अनेकांच्या पेट्या त्याआधी हिवाळ्यात राजस्थानातील भरतपूरकडे मोहरीच्या शेतांत असतात. हंगामात निघालेला बहुतांश मध डब्यांतून घाऊक व्यापाऱ्यांकडे जातो आणि पुढे दुसऱ्याच्या नावाने बाटलीबंद होतो. अलीकडे मात्र काही उत्पादक व उत्पादक गट स्वतःच्या नावाने बाटल्या भरून ऑनलाइन विक्री करू लागले आहेत. त्यांच्यापुढे येणारे पहिले प्रश्न कीटकशास्त्राचे नसून बाजाराचे असतात. दर किती ठेवावा, ग्राहकाला काय सांगावे आणि जाहिरातीवर किती खर्च करावा? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची बरीचशी उत्तरे स्पर्धकांच्या जाहिरातींतच मिळतात आणि त्या विनामूल्य पाहता येतात.

फेसबुक व इन्स्टाग्रामवरील जाहिरातींसाठी मेटा कंपनीची 'ॲड लायब्ररी' आहे. ती पाहण्यासाठी खाते उघडण्याची गरज नसते. देश 'भारत' व प्रकार 'सर्व जाहिराती' निवडून 'लीची शहद', 'जंगली मध', 'मस्टर्ड हनी' असे शब्द किंवा स्पर्धकाच्या पानाचे नाव टाकले की सध्या चालू असलेल्या जाहिराती दिसतात. शोध मराठी, हिंदी व इंग्रजी या तिन्ही भाषांत घ्यावा, कारण एकच विक्रेता वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळे बोलतो. गुगल व यूट्यूबवरील जाहिरातींसाठी २०२३ मध्ये सुरू झालेले 'ॲड्स ट्रान्स्परन्सी सेंटर' आहे. तेथे जाहिरातदाराचे किंवा संकेतस्थळाचे नाव टाकून शोध घ्यावा लागतो. ॲमेझॉन व फ्लिपकार्टवर असा संग्रह शोधत बसण्याची आवश्यकता नाही. 'प्रायोजित' अशी खूण असलेल्या वस्तूंची आठवडाभर नोंद ठेवली तरी पुरेसे चित्र मिळते.

या साधनांची मर्यादा आधीच समजून घ्यावी. भारतातील सामान्य व्यापारी जाहिरातीवर किती पैसे खर्च झाले, त्यातून किती बाटल्या विकल्या गेल्या, हे ॲड लायब्ररीत कळत नाही. कळते ती जाहिरात सुरू झाल्याची तारीख. एखादी जाहिरात तीन-चार महिने अखंड चालू असेल, तर ती विक्रेत्याला परवडत असावी असा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाजच. मोठी कंपनी केवळ नाव लोकांच्या डोळ्यांसमोर राहावे म्हणूनही खर्च करते, आणि ते लहान उत्पादकाला झेपणारे नसते. म्हणून आपल्याएवढ्याच आवाक्याचे चार-पाच विक्रेते निवडून त्यांच्यावर लक्ष ठेवणे अधिक उपयोगी. त्यांचा दर पाहताना बाटलीची किंमत न पाहता १०० ग्रॅममागील किंमत काढावी आणि त्यात घरपोच पाठवणीचा खर्च मिळवावा. पुष्कळदा स्वस्त दिसणारी २५० ग्रॅमची बाटली शेवटी महाग पडते.

जाहिरातीतील दावे हा यातील सर्वांत महत्त्वाचा भाग. येथे मधमाशीपालकाचे ज्ञान जाहिरात संस्थेच्या ज्ञानापेक्षा सरस ठरते. 'शुद्ध मध कधीच गोठत नाही' हा दावा जाहिरातींत वारंवार दिसतो. तो चुकीचा आहे. ग्लुकोजचे प्रमाण जास्त असलेला मोहरीचा मध अस्सल असूनही लवकर गोठतो. काश्मीरमधील रॉबिनियाचा मध दीर्घकाळ पातळ राहतो. हा फरक फुलांमुळे पडतो. त्यावरून भेसळ ठरत नाही. पाण्यात थेंब सोडणे, कापसाची वात पेटवणे, मुंगी लागते का पाहणे या चित्रफितींतील 'चाचण्यां'नीही भेसळ ओळखता येत नाही. आणखी एक विसंगती अनेकदा आढळते. मजकूर असतो जंगलातील आग्या माशीच्या मधाचा आणि छायाचित्र असते चौकटी असलेल्या लाकडी पेटीचे. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते; ती पेटीत पाळता येत नाही.

एकाच फुलाचा मध म्हणून विकायचा असेल, तर भारतीय मानकानुसार त्यातील एकूण परागकणांपैकी किमान ४५ टक्के परागकण त्या वनस्पतीचे असावे लागतात. ओलावा २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. स्पर्धक हे आकडे सांगत नसतील आणि आपल्याकडे प्रयोगशाळेचा अहवाल असेल, तर जाहिरातीत सांगण्यासारखी गोष्ट तीच. 'आमचा मध हिवाळ्यात गोठेल, कारण तो मोहरीचा आहे' हे वाक्य ग्राहकाची शंका आधीच दूर करते व तक्रारी कमी करते.

स्पर्धकाचा दावा उचलण्याचा मोह होतो तो आरोग्याच्या बाबतीत. 'मधुमेहावर गुणकारी', 'कर्करोगास प्रतिबंध' अशी विधाने चालू जाहिरातींत दिसली म्हणून ती वैध ठरत नाहीत. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार अशा आजारांच्या उपचाराच्या जाहिरातींवर बंदी आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ५३ अन्वये १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील तरतूदही तेवढीच कडक असून, पुन्हा उल्लंघन झाल्यास तेथे दंड ५० लाखांपर्यंत जातो. मोठी कंपनी वकील नेमून वर्षानुवर्षे लढू शकते. ५० पेट्यांच्या उत्पादकाचा व्यवसाय मात्र एका नोटिशीने बंद पडू शकतो. 'सेंद्रिय' या शब्दाबाबतही सावध राहावे. मधमाशी दोन-तीन किलोमीटर परिघात चरते, त्यामुळे स्वतःच्या बागेत फवारणी न करणे एवढ्याने काम भागत नाही; शिवाय सेंद्रिय उत्पादनाचे अधिकृत चिन्ह वापरण्यासाठी एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांचे प्रमाणीकरण आवश्यक असते. स्पर्धकाचे छायाचित्र व चित्रफीत घेणे हा तर स्वामित्व हक्काचा भंग होय.

जाहिरातींखाली ग्राहकांनी लिहिलेले प्रश्न मात्र मोकळ्या मनाने टिपून घ्यावेत. 'तळाशी साखर का जमली?', 'बाटली काचेची आहे का?', 'कोणत्या महिन्यातला मध आहे?' हे प्रश्न पुन्हा पुन्हा येत असतील आणि विक्रेता उत्तर देत नसेल, तर आपल्या पहिल्या जाहिरातीचा विषय आयता मिळतो. नोंदवहीत स्पर्धकाचे नाव, जाहिरात प्रथम दिसल्याची तारीख, दावा, १०० ग्रॅमचा दर आणि ग्राहकांचे प्रश्न एवढेच रकाने पुरतात. नोंदी लिचीचा बहर येण्यापूर्वी दोन महिने सुरू कराव्यात. मध हाती आल्यावर वेळ राहत नाही.

स्पर्धकाची जाहिरात उघडपणे खोटी असल्याचे आढळल्यास तिच्या पडद्याचे छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे. भारतीय जाहिरात मानक परिषद किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि मधाच्या दाव्यांबाबत राज्याच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांकडेही दाद मागता येते.