सभापतींची रिकामी खुर्ची

विधान परिषदेने आपले सभापती व उपसभापती होईल तितक्या लवकर निवडावेत, असे राज्यघटनेचा १८२ वा अनुच्छेद सांगतो. या शब्दांना किती ताण देता येतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. रामराजे नाईक-निंबाळकर यांच्या सदस्यत्वाची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली व तिच्याबरोबर त्यांचे सभापतिपदही. त्यानंतर राम शिंदे यांची बिनविरोध निवड झाली ती १९ डिसेंबर २०२४ रोजी. मधली जवळजवळ अडीच वर्षे उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी कामकाज सांभाळले. घटनेला ही सोय मान्य आहे. पण सोय म्हणजे नित्याची व्यवस्था नव्हे.

परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून येतात, पदवीधर व शिक्षक प्रत्येकी ७ पाठवितात आणि १२ जणांची राज्यपाल नियुक्ती करतात. या बारा जागांसाठी मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये यादी पाठविली. तिच्यावर निर्णय झालाच नाही. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये, सरकार बदलल्यावर, सात जणांचा शपथविधी झाला. महापालिका व जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, तसतशा त्यांच्या वाट्याच्या जागाही ओस पडत गेल्या. साहित्य, कला, सहकार यांचे प्रतिनिधी नाहीत, गावोगावचे कारभारी नाहीत आणि वर सभापतीही नाहीत. अशा सभागृहाला ज्येष्ठांचे सभागृह म्हणावयाचे ते कोणत्या अर्थाने?

याच खुर्चीवर १९६० पासून १९७८ पर्यंत वि. स. पागे बसले होते. रोजगार हमी योजनेची मूळ कल्पना त्यांची. ते मंत्री नव्हते, त्यांच्या हाती खाते नव्हते. तरीही ग्रामीण मजुराच्या कामाच्या हक्काचा विचार सभापतींच्या दालनातून राज्यभर गेला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. पदाचे वजन असे वाढते.

परिषदेचे अधिकार तोकडे आहेत हे खरे. साधे विधेयक ती प्रथम तीन महिने व दुसऱ्यांदा एक महिना अडवू शकते. धनविधेयक चौदा दिवसच. ती नको असेल, तर विधानसभेचा विशेष बहुमताचा ठराव व संसदेचा कायदा हा मार्ग उघडा आहे. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, तामिळनाडूने १९८६ मध्ये तो उघडपणे पत्करला. महाराष्ट्राने तसे ठरविलेले नाही. मग सभापतींची निवड किती दिवसांत व्हावी, याची मुदत परिषदेच्या नियमांतच घालावयास हरकत कोणाची असावी?