‘मंद’ ठरविण्याआधी कान तपासले काय?

२०१८ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. रविवारी सकाळी विहारातील अभ्यासिकेत आम्ही मुलांची गणिते तपासत बसलो होतो. आमच्या चाळीतील एक ताई मुलीचा हात धरून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मुलगी नुकतीच तिसरीत गेलेली. ताईंच्या हातात शाळेची चिठ्ठी.

“जयभीम भाऊ. पोरीच्या डोक्यात काही शिरत नाही म्हणतात बाई. दुसऱ्या शाळेत घाला म्हणतात.”

दुसरी शाळा म्हणजे मतिमंदांची शाळा. ‘मतिमंद’ हा शब्द आता कायद्याच्या कागदातून गेला, त्या जागी ‘बौद्धिक अक्षमता’ आली. पण शाळेच्या व्हरांड्यात अजून जुनाच शब्द चालतो. चिठ्ठीला बुद्धिमापन चाचणीचा अहवाल टाचलेला होता. त्यातील आकडा बराच खाली होता. आम्ही पडलो कारकून! छापील कागदावर आकडा दिसला की तो खरा मानायचा, ही आमची वीस वर्षांची सवय. त्या शाळेचा अर्ज आम्हीच भरून दिला. समोर उभ्या असलेल्या मुलीला आपण दोन प्रश्न विचारावेत, हे आमच्या मनातही आले नाही.

अर्जाला प्रमाणपत्र जोडायचे, म्हणून मुलीला घेऊन महापालिकेच्या रुग्णालयात जावे लागले. आम्ही अर्धी रजा टाकून सोबत गेलो. तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अहवाल वाचून बाजूला ठेवला. त्या उठून मुलीच्या पाठीमागे गेल्या आणि हलक्या आवाजात तिला नावाने हाक मारली. मुलीने मान वळविली नाही.

“आधी कान तपासून आणा. बुद्धीचे मग बघू.”

कानाच्या डॉक्टरांनी सांगितले की दोन्ही कानांच्या पडद्यांना भोके आहेत. कान लहानपणापासूनच वाहत होता. आजी तेल घालायची, कापूस लावायची. मोठी झाली की आपोआप थांबेल, असे सर्वांचे म्हणणे. घरात कुणाला शंका आली नाही, कारण दहा बाय बाराच्या खोलीत आपण सगळेच मोठ्याने बोलतो. शिवाय अशा दुखण्यात ऐकू येणे कमीजास्त होते. सर्दी झाली की कमी, कान कोरडा असला की थोडे बरे. त्यामुळे शाळेत बाई म्हणायच्या, “हिला हवे तेव्हा बरोबर ऐकू येते!”

तपासनीस बाईंनी आम्हाला एक गंमत दाखविली. (गंमत कसली, डोळ्यांत पाणी यावे अशी गोष्ट!) ‘सात’, ‘आठ’, ‘पाच’ हे शब्द दूरून, पंख्याच्या आवाजात म्हणून पाहा. मधला ‘आ’ तेवढा पोचतो, आजूबाजूची अक्षरे गळून पडतात. तोंडी गणितात सातच्या जागी पाच लिहिणाऱ्या मुलीचे गणित कच्चे नव्हते. तिच्यापर्यंत प्रश्नच पोचत नव्हता. बुद्धीची पहिली चाचणीही तोंडी सूचना देऊनच घेतलेली!

मग ठोकळे, नक्षी, चित्रे अशा बिनशब्दांच्या कामांवर तिची चाचणी पुन्हा झाली. बुद्धी इतर मुलांसारखीच निघाली. आम्ही भरलेला अर्ज आम्हीच परत मागून घेतला.

पण खरे काम तिथून पुढे सुरू झाले. डॉक्टरांनी कान कोरडा केला, पडद्याची शस्त्रक्रिया सुचविली. श्रवणतज्ज्ञांनी यंत्र दिले. वाचा-उपचार करणाऱ्या बाई निसटलेले उच्चार बसवू लागल्या. या साऱ्यांचे सांगणे वर्गात उतरविणारी मात्र एकच व्यक्ती, ती म्हणजे विशेष शिक्षिका. मुलीला कोणत्या बाकावर बसवायचे, फळ्याकडे तोंड करून का बोलू नये, श्रुतलेखन कसे घ्यावे, हे तिने शाळेतील बाईंना जाऊन समजाविले. आमचा समज होता की विशेष शिक्षण म्हणजे जास्त दया आणि कमी अभ्यास. तो समज या शिक्षिकेने घालविला. मग आम्ही ग्रंथालयात बसून या विषयाचा इतिहास वाचला. पाहतो तर हे शास्त्र पहिल्यापासून दुसऱ्या शास्त्रांच्या उसनवारीवर उभे!

पॅरिसच्या बहिऱ्या-मुक्या मुलांच्या संस्थेत इतार नावाचे डॉक्टर होते. १८०० साली आवेरोंच्या रानात सापडलेला, बोलता न येणारा एक मुलगा तिथे आणला गेला. नामांकित वैद्यांनी त्याला कायमचा जडबुद्धी ठरविले. इतारांनी ते मानले नाही. स्पर्श, दृष्टी, श्रवण एकेक करून शिकविण्याची खटपट त्यांनी काही वर्षे केली. मुलगा बोलू लागला नाही, पण पद्धत मागे उरली. त्यांचे शिष्य सेग्वाँ यांनी ती पुढे नेली, आणि दोघांचे लेखन रोमच्या मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर बाईंनी अभ्यासिले. बौद्धिकदृष्ट्या मागे पडलेल्या मुलांसाठी तयार झालेली साधने घेऊन १९०७ साली त्यांनी रोमच्या सान लोरेन्झो या कामगार वस्तीत बालगृह उघडले. तीच विद्या आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी बोर्डी व कोसबाडच्या मुलांसाठी स्थानिक, स्वस्त साधनांत बसविली. आपली मुले बालवाडीत जे रंगीत मणी आणि ठोकळे हाताळतात, त्यांची वंशावळ अशी अपंग मुलांच्या वर्गात जाऊन पोचते. हे शाळेत आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

मानसशास्त्राची उसनवारी मात्र महागात पडली. १९०५ साली फ्रान्सच्या आल्फ्रेद बिने यांनी सिमों यांच्यासह बुद्धीची मोजपट्टी तयार केली. हेतू चांगला होता. शाळेत मागे राहणारे मूल ओळखावे व त्याला जादा मदत द्यावी. शिकविण्याने बुद्धी वाढते, असे बिने यांचे मत होते. ती पट्टी अमेरिकेत गेली आणि माणसांवर शिक्के मारण्यासाठी वापरली गेली. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात काळी मुले एकूण विद्यार्थ्यांत शेकडा दहाच्या आसपास. पण ‘मंद’ मुलांच्या वर्गांत त्यांचा वाटा जवळपास चौथा! सॅन फ्रान्सिस्कोतील काही काळे पालक १९७१ साली न्यायालयात गेले. काळ्या मानसशास्त्रज्ञांनी त्याच मुलांची त्यांच्या ओळखीच्या भाषेत पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा मुले मंदपणाच्या रेषेच्या वर निघाली. १९७९ साली न्यायमूर्ती पेकहॅम यांनी निकाल दिला की, काळ्या मुलांना अशा वर्गात टाकण्यासाठी ही चाचणी वापरू नये. ‘लॅरी पी.’ म्हणून तो खटला प्रसिद्ध आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘तुम्हाला विद्या येणारच नाही’ असे ऐकविले गेले, त्या आपल्यासारख्यांना या खटल्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

कायदाही या शास्त्राने उसना घेतला तो काळ्यांच्याच लढ्यातून. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरविणारा १९५४ चा ‘ब्राऊन’ निकाल पुढे करूनच पेन्सिल्वेनियातील अपंग मुलांच्या पालकांनी शाळेचा हक्क मागितला, आणि १९७५ साली तिथे देशभराचा कायदा झाला. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तोही जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. ‘ही शाळा तुमच्या मुलासाठी नाही’ एवढे सांगून कुणाला दार लावता येत नाही.

पेन्सिल धरणे, बटण लावणे हेसुद्धा शास्त्र आहे, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. त्याला व्यवसायोपचार म्हणतात. त्याचे शिक्षण आपल्या देशात प्रथम सुरू झाले ते १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात, कमला निंबकर यांच्या पुढाकाराने.

त्या मुलीच्या एका कानाची शस्त्रक्रिया २०१९ साली झाली. शाळा तीच राहिली. २०२० नंतर सर्वांच्या तोंडावर मास्क आले, तेव्हा ओठ दिसेनासे झाल्याने ती पुन्हा मागे पडली. ताईंनी मग स्वतःच जुन्या साडीचे मास्क शिवून त्यात ओठांपुढे पारदर्शक प्लॅस्टिक बसविले व शिकवणीच्या बाईंना नेऊन दिले. हे कोणत्या शास्त्रात बसते ते आम्हाला माहीत नाही.

मूल अभ्यासात मागे पडत असेल, तर बुद्धीची चाचणी होण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत मुलांची तपासणी होते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. कान वाहत असेल तर तेल घालू नका, डॉक्टरांना दाखवा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणाची तपासणी, वाचा-उपचार आणि विशेष शिक्षकांचे प्रशिक्षण एकाच आवारात आहे. चाचणीचा अहवाल हाती आला तर विचारा: चाचणी कोणत्या भाषेत घेतली, सूचना तोंडी होत्या काय, कान आधी तपासले होते काय? अर्ज लिहिण्यास मदत हवी असल्यास रविवारी सकाळी आम्ही अभ्यासिकेत असतो. मात्र आता मुलाशी दोन शब्द बोलल्याशिवाय आम्ही अर्ज भरत नाही.