सुया थांबल्या तरी शाल अपुरीच!

महिनोन्‌महिने खपून विणलेली जाळीदार शाल सुईवरून उतरते, तेव्हा पहिल्या नजरेत तिची विणणारीच हिरमुसते. नक्षीतली पाने-फुले आक्रसलेली, भोके मिटलेली, कडा गुंडाळलेल्या आणि एकूण रूप चुरगळलेल्या फडक्यासारखे. 'आपल्याला जमले नाही' असे समजून कुणी ती कपाटात टाकून देते, तर कुणी घाईने तिच्यावर कडक इस्त्री फिरवते. वस्तुतः चूक विणकामात नसते. राहिलेला असतो तो फक्त शेवटचा टप्पा. शाल भिजवायची, मापाला ताणून टाचण्यांनी बसवायची आणि त्याच स्थितीत वाळू द्यायची, असा हा टप्पा आहे. विणकामाच्या परिभाषेत त्याला 'ब्लॉकिंग' म्हणतात. जाळीची नक्षी विणतात सुया, पण ती उमलते पाण्यात. मात्र याच टप्प्यावर झालेली एखादी चूक कधीच दुरुस्त होत नाही. म्हणूनच तो नीट समजून घ्यायला हवा.

शेटलंडचा वारसा

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर हे काम एक स्वतंत्र कसब मानले जाई. १८३७ मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर आली त्या वर्षी, मूळचे शेटलंडचे असलेले आर्थर अँडरसन यांनी तिला तेथील तलम विणीचे मोजे भेट दिले आणि या विणकामाकडे इंग्लंडमधील उच्चभ्रूंचे लक्ष वेधले गेले. मुंबईला टपाल आणि प्रवासी आणणाऱ्या 'पी अँड ओ' या जहाज कंपनीचे अँडरसन हे एक संस्थापक. शेटलंडमधील उन्स्ट बेटावरच्या शाली इतक्या तलम असत, की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार निघे.

हे सौंदर्य केवळ विणीचे नव्हते. विणून झालेली शाल धुतली जाई, गंधकाची धुरी देऊन पांढरी केली जाई आणि मग लाकडी चौकटीवर दोऱ्याने ताणून वाळवली जाई. या कामाला तेथे 'ड्रेसिंग' म्हणत आणि पैसे घेऊन ते करून देणाऱ्या स्त्रियाही होत्या. एस्टोनियातील हाप्सालू आणि रशियातील ओरेनबर्ग येथील प्रसिद्ध शालीही अशाच चौकटीवर ताणल्या जातात. घरी चौकट नसली तरी बिघडत नाही. पलंगावरची गादी ते काम करू शकते.

पाण्याची किमया

ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपले, की सकाळी सोडलेल्या केसांना लाटा पडलेल्या असतात आणि पुढच्या न्हाण्यात त्या नाहीशा होतात. लोकरीचेही तसेच आहे, कारण केस आणि लोकर दोन्ही केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. या प्रथिनाच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि तंतू लवचीक होतो. वाळताना तंतू ज्या स्थितीत असेल, त्या स्थितीत बंध पुन्हा जुळतात. ताणून वाळवलेली शाल म्हणूनच ताणलेली राहते. शाल प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा ताणावी लागते, त्याचे कारणही हेच.

आधी धागा ओळखा

ही किमया खऱ्या लोकरीचीच. आपल्याकडे बाजारात लोकर म्हणून मिळणारा बराचसा धागा अ‍ॅक्रिलिकचा असतो. अ‍ॅक्रिलिक पाण्याने बदलत नाही, ते उष्णतेने बदलते. त्यामुळे शालीला हात लावण्यापूर्वी उरलेल्या धाग्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून, मोरीत किंवा सिंकवर जाळून पाहावा. लोकर सावकाश जळते, ज्योत दूर नेताच बहुधा विझते, तिला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळते आणि मागे कडक काळा गोळा उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणे दिसू शकतात.

भिजवण्याआधी

शालीच्या कडेचे टाके घट्ट बंद झाले असतील, तर ती कड ताणली जाणार नाही; अशी कड उसवून पुन्हा सैल बंद करावी. एखादा टाका निसटला आहे का, हे उजेडात तपासावे. धाग्याची टोके सुईने आत ओवावीत, पण कापू नयेत. शाल ताणली जाताना ही टोके आत ओढली जातात आणि आधीच कापलेली असल्यास टाके सुटू लागतात. रंग गडद असेल, तर ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा दाबून रंग जातो का, ते पाहावे.

भिजवणे आणि निथळणे

टबात साधे किंवा किंचित कोमट पाणी घेऊन त्यात गाळलेले रिठ्याचे पाणी किंवा थोडा सौम्य शाम्पू मिसळावा. रिठ्याचे पाणी तपकिरी असते, त्यामुळे पांढऱ्या शालीसाठी शाम्पूच बरा. कपड्यांची पावडर आणि धुण्याचा सोडा टाळावा, अल्कलीने लोकर खराब होते. शाल पाण्यात दाबून सुमारे अर्धा तास तशीच ठेवावी. चोळू नये, घुसळू नये, वरून नळाची धार सोडू नये.

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता आणि घर्षणाने ते एकमेकांत अडकतात, शाल आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. हा बदल कायमचा असतो. त्यावर कोणताही उपाय नाही. खंगाळण्याचे पाणीही आधीच्या पाण्याइतक्याच तापमानाचे असावे.

ओली लोकर जड असते आणि सहज ताणली जाते. त्यामुळे एक टोक धरून शाल उचलू नये. दोन्ही हातांनी खालून आधार देत बाहेर काढावी. पिळू तर नयेच. कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करावी आणि तिच्यावर दाब द्यावा. पाणी टॉवेलमध्ये उतरते आणि शाल दमट राहते.

ताणण्याची पद्धत

गादीवर जुनी जाड चादर अंथरावी, किंवा मुलांच्या खेळण्याच्या फोमच्या चटया जोडून घ्याव्यात. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. साध्या टाचण्यांचा गंज लोकरीवर उतरला, तर डाग निघत नाही. त्रिकोणी शालीची वरची सरळ कड आधी पक्की करावी, मग मधली रेघ खाली ओढून टोक बसवावे आणि त्यानंतर दोन्ही बाजूंची टोके जोडीजोडीने लावावीत. चौकोनी शालीचे चार कोपरे आधी, मग बाजूंचे मध्य. दोन्ही बाजू टेपने मोजून सारख्या कराव्यात. सरळ कडेत गुळगुळीत सुती दोरा ओवून तो ताणला, तर टाचण्या कमी लागतात आणि कड दातेरी होत नाही.

किती ताणायचे, याचे उत्तर शालच देते. भोके पूर्ण उघडली, नक्षी स्पष्ट दिसली आणि शाल सपाट बसली, की थांबावे. एकाच टाक्यावर जास्त ताण दिसला, तर तेथील टाचणी हलवावी. काम पुरे होण्याआधीच शाल सुकू लागली, तर पाण्याचा हलका फवारा मारावा.

पंख्याखाली, सावलीत शाल पूर्ण वाळू द्यावी. कोकणपट्टीच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात एक दिवस पुरेलच असे नाही. हाताला कोरडी लागली, तरी आणखी काही तास टाचण्या राहू द्याव्यात. लोकर बराच ओलावा पोटात धरून ठेवते. अर्धवट ओली सोडल्यास नक्षी पुन्हा मिटते. त्यानंतरच धाग्याची टोके सेंटिमीटरभर ठेवून कापावीत.

अ‍ॅक्रिलिक असेल तर...

अ‍ॅक्रिलिकची शाल कोरडीच ताणून तिच्यावरून वाफेची इस्त्री अधांतरी फिरवतात. इस्त्रीचा कापडाला स्पर्श होता कामा नये. वाफेने धागा नरम पडून नक्षी उघडी राहते, पण त्याची उसळी कायमची जाते. वाफ जास्त झाली, तर शाल ओशट, लोंबती होते. म्हणून आधी विणलेल्या नमुन्याच्या तुकड्यावर प्रयोग करावा. सुती धाग्याची शाल लोकरीसारखीच ओली ताणतात, पण तिच्याकडून तितक्या टिकाऊ आकाराची अपेक्षा ठेवू नये. रेशीम ओले असताना नाजूक होते, तेव्हा हात हलका ठेवावा.

तयार शाल हँगरला टांगू नये, ती लांब होत जाते. स्वच्छ मलमलीत सैल घडी घालून ठेवावी आणि अधूनमधून घडी मोडून पाहावी. कसर लोकरीतले केराटिनच खाते आणि मळक्या कपड्यावर अधिक येते. त्यामुळे वापरलेली शाल न धुता वर्षभरासाठी ठेवून देऊ नये. हिवाळा सरताच ती धुऊन, ताणून, पूर्ण वाळवून ठेवली, तर पुढच्या थंडीत नक्षी उमललेलीच मिळते.